टिटवीची चार अंडी आणि भुऱ्या

“माह्या भुऱ्यापाशी लोण्याचा गोळा ठेवा अन् काशीले जाऊन या!” भातकुलीच्या भागीरथाबाईनं आपल्या कुत्र्याबद्दल चारचौघांत छाती ठोकून सांगितलं.

वेळच तशी आली होती. तिच्या वांग्याच्या वावरात, धुऱ्याच्या बांधावर टिटवीनं अंडी घातली होती. टिटवीचं घर ते काय? चार खडे, चार अंडी आणि वर आभाळ! वांगी तोडता तोडता भागीरथाबाई गुणगुणायची,

टिटवी माझी बाई, धुऱ्यावर तिचं घर,
भिंतीची नाही सोय, छप्पर आभाळभर!

शेजारच्या वावरातले खुशालराव मात्र अंडी मोजायचे. चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस! त्या भरवशावर त्यांनी सोयाबीनसोबत तुरीचंही बियाणं आणून ठेवलं.

“वैनी, एक जरी अंडं कमी झालं, तर तुमचा कुत्रा बार्शीटाकळीले, तुमच्या भावाकडं!”

“चालते!” भागीरथाबाई म्हणाली. पण घरी जाताच तिनं दोरी शोधली. भरवसा आपल्या जागी, कुत्र्याची जात आपल्या जागी! त्या दिवसापासून भुऱ्या वावरात कडुनिंबाला बांधलेला.

आणि एका सकाळी अंडी तीन!

“गिळला! तुमच्या कुत्र्यानं एक महिना गिळला!” खुशालराव बोंबलले.

“भाऊजी, तो बांधला हाय न!”

“मंग काय दोरीनं खाल्लं?”

खुशालराव फटफटीवर तूर वापस करून आले. तोवर अंडी दोन! सोयाबीन देऊन मूग आणला. आले तर एकच!

“आता काय धने फोडून सांबार पेरू, चटणीपुरता?” ते कपाळ धरून आपल्या बांधावर जाऊन बसले.

भागीरथाबाई भुऱ्याजवळ गेली. भुऱ्या जाणार! पण बांधलेलं कुत्रं खाईल कसं? आता छडा लावायचाच. तिनं भुऱ्याची दोरी स्वतःच्या कमरेला बांधली आणि न्याहारीचं फडकं मागं ठेवून उरलेल्या अंड्यावर डोळे लावून बसली.

टक्. टक्. आवाज आतून येत होता! कवच तडकलं. एक ओलं, लटपटतं पिल्लू बाहेर पडलं. वाऱ्यानं सुकलं, चार पावलं चाललं आणि ढेकळांत बसताच नाहीसं झालं! टिटवीनं फुटकं कवच चोचीत धरून दूर नेलं. भागीरथाबाई वाकली, श्वास रोखून बघत राहिली. अगं बाई! ढेकळांना डोळे फुटले होते. आठ डोळे!

“भाऊजी, धावा! तुमचे चारही महिने पायानं चालून राहिले!”

खुशालराव धावले. त्यांच्यामागं धावला त्यांचा जन्मात न बांधलेला कुत्रा शेरू, थेट पिल्लांकडं! खुशालरावांनी झेप घेऊन त्याला कवटाळलं. वरून टिटवी त्यांच्या टोपीवर झडपा घालू लागली.

“वैनी, दोरी द्या!”

“दोरी भुऱ्याच्या गळ्यात हाय. शेरूले कधी धाडता बार्शीटाकळीले?”

खुशालराव शेरूला मिठी मारून उन्हात बसून राहिले.

“पाहा, याले म्हणतात कुत्रा!” भागीरथाबाई ऐटीत मागं वळली.

भुऱ्या मिशा चाटत होता. तिच्या न्याहारीचं फडकं रिकामं पडलं होतं. भाकर गेली, ठेचासुद्धा गेला!

“मी लोण्याचं बोल्ली होती,” ती हळूच म्हणाली. “भाकरीचं नाई.”