बाळारामकाकांचे सत्तर इंच

बाळारामकाका माणसाला नाव विचारत नाहीत, आधी मापतात. "हात आडवे कर," एवढंच म्हणतात. समोरचा भांबावून हात आडवे करेपर्यंत त्यांच्या खिशातली शिंप्याची टेप ह्या मधल्या बोटापासून त्या मधल्या बोटापर्यंत पोचलेली असते. नारपोलीतल्या एका लग्नात आहेर द्यायला स्टेजवर चढले आणि नवरदेवालाच हात आडवे करायला लावले. तो फोटो अल्बममध्ये आहे. एका रिक्षावाल्याने तर वैतागून विचारलं होतं, "चाचा, गाडी चलाऊँ के हाथ फैलाऊँ?"

"पैले हाथ," काका म्हणाले. "गाडी बाद में."

ह्याचं कारण धनुष्यबाण. काकांची कापड विणायच्या लूमची शेड होती. धंदा बसला, लूम विकले, आणि रिकामी लांबलचक शेड पाहून ह्या माणसाला वाटलं की इथे बाण मारायला काय झकास होईल! पलीकडच्या भिंतीला चिंध्यांची गाठोडी रचली, त्यावर निशाणीचा कागद लावला आणि झाले सुरू. आता गल्लीतली दहा-बारा माणसं तिथे जातात. प्रत्येकाचं माप भिंतीवर खडूने लिहिलेलं असतं. दोन बोटांमधले जेवढे इंच, त्याला अडीचने भागायचं. येईल तेवढीच दोरी खेचायची. ह्या मापाला ड्रॉ लेंथ म्हणतात आणि धनुष्याचे नट फिरवून ती बसवतात. ती चुकली की पुढचं सगळं चुकतं.

"अंग खोटं बोलत न्हाय," काका सांगतात. "खोटं बोलतो तो मानूस."

हे वाक्य त्यांनी खास माझ्याकडे बघून म्हणायला सुरुवात केली, त्याची हकिगत सांगायलाच हवी. मी कापडाच्या गोदामात मोजणी कारकून. तागा ताणून धरला की थोडा जास्त भरतो, हे ज्ञान मला तिथे मिळालं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून मी शेडमध्ये नाव घातलं, पण आधी घरी माप घेतलं. टेप बायकोच्या हातात दिली, छाती फुगवली, बोटं सांध्यातून निखळतील इतकी ताणली आणि सत्तर भरेपर्यंत श्वास सोडला नाही. सत्तर का, तर भिंतीवर काकांचं माप सत्तर होतं. काकांपेक्षा मी चांगला चार-पाच इंच बुटका आहे. पण हौस!

"सत्तर?" काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बरं. भोग."

माझं धनुष्य सत्तरला लावलं. दोरी हनुवटीपाशी यायची ती माझ्या कानामागे गेली. मी पाठीमागे असा कलंडलो की बघणाऱ्याला वाटावं, ह्याला कुणीतरी कॉलर धरून ओढतंय. सोडली तशी दोरी सणसणत डाव्या हातावर बसली. बाण कुठे गेला ते अजून सापडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी गोदामात माझा काळानिळा हात बघून हमाल हळहळला, "भाभी ने मारा क्या?" मी हो म्हणालो. खरं सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

काकांनी पुन्हा मोजलं. पासष्ट. खडूने ठळक लिहिलं, आणि माझ्या बायकोने ते सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. पण बाण गाठोड्यात रुतायला लागला हो!

ह्या वर्षी मात्र वेगळंच घडायला लागलं. काकांचेच बाण भरकटू लागले. आधी निशाणीच्या कडेला, मग कागदाबाहेर, आणि एकदा थेट पत्र्यावर. काका दोरीला मेण लावत, पिसं बदलत, वाऱ्याला शिव्या घालत. बंद शेडमध्ये कसला वारा? शेवटी एके सकाळी म्हणाले, "हात गेला माजा. खंडेनवमीची पूजा करू, आन् मंग शेड गोदामाला देऊन टाकू."

हा माणूस बाणाशिवाय दिवसभर करणार काय? काकी वर्षभरापूर्वी नातवाला सांभाळायला पुण्याला गेलेल्या. घरात काका आणि टीव्ही.

खंडेनवमीला आम्ही धनुष्यांना झेंडू वाहिले. त्या दिवशी सगळ्यांची मापं नव्याने घ्यायची, ही शेडची पद्धत. सगळ्यांची झाली. बाकीचे प्रसाद घेऊन गेले आणि मी टेप उचलली. "काका, हात आडवे करा."

"माजं हाय की भिंतीवर. काकीनं मोजलंय. दर वर्षी तीच मोजते."

"ह्या वर्षी कुठे मोजलंय? करा म्हणतो ना!"

माझा आवाज चढला ह्याचं मलाच आश्चर्य वाटलं. काकांनी हात आडवे केले. उजवा खांदा पुरता उघडेचना. मी टेप लावली, पुन्हा लावली. साडेसदुसष्ट.

काका खाली बसले. माझ्या हातातली टेप घेऊन गुंडाळली. मग म्हणाले, "काकीला सांगू नको. ती इचारते फोनवर, खांदा दुखतो का, हात उघडतो का. मी सांगतो, एकदम बेस. नायतर ती बॅग भरून येईल. सुनेची नवी नोकरी, पोराला कोन बगनार?"

तेवढ्यात काकींचाच फोन आला. "सत्तर!" काका ओरडले. "जरा बी कमी न्हाय! ह्या कारकुनानं मोजलंय, इचार त्याला." आणि फोन माझ्या हातात कोंबला.

"खरं सांगा भाऊ, किती भरलं?"

आयुष्यभर ताणून मोजणारा मी, माझी जीभ कशाला अडखळेल? "सत्तर, काकी."

पलीकडे त्या हसल्या. "तुमी पन? अवो, गेल्या साली मी मोजलं तवाच अडुसष्ट भरलेलं. तोंड बगवंना त्यांचं, म्हनून सत्तर सांगितलं. तेवापासून जिवाला घोर हाय. आता खरं बोला."

काका समोरच होते. मी दाराशी गेलो आणि हळूच आकडा सांगितला.

"मंग कमान आखूड करून द्या त्यांना. मी सांगितलं म्हनू नका."

म्हणजे हात कुठे गेलाच नव्हता. वर्षभर हा माणूस बायकोने प्रेमाने वाढवून दिलेल्या मापाने बाण मारत होता, आणि ती तिकडे त्या एका आकड्यापायी झुरत होती.

"काय म्हनली?" काकांनी विचारलं.

"जेवलात का, विचारत होत्या."

"इचारनारच," ते म्हणाले, आणि तोंड फिरवून नाक पुसलं.

मी पान्याने धनुष्य एका इंचाने आखूड केलं. सत्तरचे अठ्ठावीस होते, साडेसदुसष्टाला अडीचने भागून बरोबर सत्तावीस. काकांनी बाण लावला. दोरी कुठेही न कुरकुरता हनुवटीपाशी आली. बाण सुटला आणि निशाणीच्या मधल्या पिवळ्यात शिरला.

काका बाण काढायला चालत गेले आणि तिथेच, माझ्याकडे पाठ करून, त्यांनी काकींना पुन्हा फोन लावला.

"अगं," मला ऐकू आलं, "पोरगं शाळेत जायला लागलं की येशील ना?"