चौकातल्या सासूबाई

आमची क्रांती वॉर्डाची नगरसेविका, पण त्यामागचं डोकं कुणाचं? माझं! नवऱ्याचं!

चौकातली लांबलचक भिंत क्रांतीनं रंगवून घेतली, की दुसऱ्या दिवशी त्यावर हजर: 'किंग सम्राट', 'पिंकी फक्त माझी', आणि बदामात घुसलेला बाण!

"अहो, निवडणूक तोंडावर आली. कायतरी करा की!" क्रांती कावली.

"डोळे वटारलेला पैलवान काढू भिंतीवर! कुणाची छाती होईल लिहायची?"

ज्ञानू पेंटरला मोबाईलवरून पैलवानाचा फोटो धाडला आणि मी गडहिंग्लजला लग्नाला गेलो. परत येऊन बघतो तर भिंतभर माझ्या सासूबाई! तानाबाई, मुक्काम नेसरी! पदर खोचलेला, कमरेवर हात, आणि नजर अशी की उतू चाललेलं दूध जागच्या जागी बसावं!

"ज्ञानू, हे काय रं?"

"तुम्हीच धाडलासा की फोटो! मला वाटलं, बाई-पैलवान हाय!"

माझं बोट घसरलं होतं! 'पुसून टाक' म्हणणार, तेवढ्यात स्प्रेचा डबा घेऊन दोन कॉलेजकुमार आले. त्यांनी वर बघितलं. डबा पिशवीत गेला. एकानं तर नमस्कार केला!

त्यानंतर भिंतीवर रेघ नाही! मावा खाऊन भिंतीवर थुंकणारेसुद्धा आवंढा गिळून पुढं जायला लागले. वॉर्डातल्या प्रत्येक भिंतीवर सासूबाई झळकल्या. बातमी नेसरीला पोचली आणि खऱ्या सासूबाई एसटीनं येऊन चौकात उभ्या राहिल्या.

त्यांनी भिंतीवरच्या स्वतःला खालून वर न्याहाळलं. "पावणं, हे कुणी काढलं?"

"चुकून झालं, मामी..."

"नथ ऱ्हायली की!"

नथ काढून होईपर्यंत त्या आमच्याकडंच मुक्कामाला राहिल्या. त्याच आठवड्यात पक्षाचे जिल्हाध्यक्ष अमरसिंह घरी आले.

"तिकीट तुमच्याच घरात देतोय," ते म्हणाले. मी पेढ्यांचा पुडा फोडला. "वॉर्डात सगळ्यात ओळखीचा चेहरा कुणाचा? तानाबाईंचा!"

क्रांतीनं माझ्याकडं बघितलं. हुबेहूब भिंतीवरचे डोळे!

"पण मामींचं मतदान नेसरीला हाय!" मी शेवटची धडपड केली.

"त्यात काय!" सासूबाई म्हणाल्या. "मी हिकडंच ऱ्हायला येतो की!"

आल्या! ट्रंकेसकट, म्हशीसकट!

आता रोज पहाटे मी शेण काढतो आणि सासूबाई मागं उभ्या राहून सूचना देतात. भिंतीवरच्या निदान बोलत तरी नव्हत्या!