केदारखेडा जर्मन परीक्षा समिती

माणसाची योग्यता मुख्य गोष्टीवरून ठरत नाही, दुय्यम गोष्टीवरून ठरते, हे आता सर्वांनी मान्य करायला हरकत नाही. लग्नात मुख्य गोष्ट नवरानवरी. पण लोक वर्षभर बोलतात ते बुंदीबद्दल. देवळात मुख्य देव. पण डोकी फुटतात ती मानाच्या नारळावरून. सरकारात मोठमोठे मंत्री असतात, पण आपलं काम अडतं ते तलाठ्याकडे. विद्यापीठांनी हे तत्त्व वेळीच ओळखलं आणि पदवीसाठी एक मुख्य विषय व एक दुय्यम विषय अशी सोय केली. मुख्य विषयाचा अभ्यास विद्यार्थी नापास होऊ नये म्हणून करतो. दुय्यम विषय तो चारचौघांत सांगण्यासाठी घेतो.

हे मी अधिकाराने लिहितो आहे. पन्नाशी उलटल्यावर मी प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलो. त्यामुळे केदारखेड्यात ज्याचं शिक्षण अजून ताजं आहे असा मीच होतो. बाकीच्यांचं लहानपणीच होऊन गेल्यामुळे शिळं झालं होतं.

माझी चुलत नात नंदा ही भुजंग पाटलाची मुलगी. ती पुण्याला मामाकडे राहून कॉलेजात शिकत होती. मुख्य विषय इतिहास आणि दुय्यम विषय जर्मन. जर्मनच का, असं पुष्कळांनी विचारलं. त्याचं शास्त्रीय कारण असं, की फ्रेंचचा वर्ग सकाळी नळाला पाणी यायच्या वेळेला भरे आणि संस्कृतचा दुपारी, मामीच्या पापड लाटायच्या वेळेला. जर्मनचा वर्ग चार वाजता होता. त्या वेळी मामीचं काही काम नसे. अशा रीतीने नंदाला जर्मन वाङ्मयाची ओढ लागली.

दुय्यम विषय असला तरी त्याची व्याप्ती लहान नव्हती. त्याचे तीन भाग होते : भाषा, वाङ्मय आणि संस्कृती. भाषेच्या पेपरात तिकडचे लोक कसे बोलतात ते शिकायचं. वाङ्मयाच्या पेपरात ते कसं बोलत नाहीत ते शिकायचं. आणि संस्कृतीच्या पेपरात ते गप्प असताना काय करतात ते (एक नदी, दोन प्रार्थनामंदिरं, बर्फ आणि वक्तशीरपणा). शिकवणारे प्राध्यापक जर्मनीला गेलेले नव्हते. त्यांचे गुरू जाणार होते, पण तेवढ्यात लढाई सुरू झाली.

नंदा जर्मन शिकते ही बातमी गावात आली तेव्हा मतं पुढीलप्रमाणे पडली. सात आणे लोकांना ती खोटी वाटली. पाच आणे लोकांना जर्मन ही औषधाची शाखा वाटली, आणि ते आपापल्या गुडघ्यांबद्दल विचारून गेले. तीन आणे लोकांचं म्हणणं पडलं, की मुलगी आता आगबोटीत बसणार. राहिलेला एक आणा म्हणजे नंदाची आई द्वारकाबाई. पोरगी तिकडे पोटभर जेवते का, एवढंच तिला विचारायचं होतं. तिच्या प्रश्नाला शैक्षणिक स्वरूप नसल्यामुळे त्याचं उत्तर कोणी दिलं नाही.

आमच्या गावात जर्मनचा आणखी एक जाणकार होता. कडूबा. लढाईत तो इंग्रजांच्या पलटणीत ट्रक चालवायला मिसरदेशी, म्हणजे इजिप्तला, गेला होता. जर्मन लोकांचं बोलणं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मात्र मधे तोफा वाजत असल्याने अर्थ लागला नव्हता. तरी ज्या भाषेचे लोक आपल्यावर गोळ्या झाडतात ती भाषा माणूस विसरत नाही, असं तो म्हणे. त्याच्याशी वाद घालायला गावात दुसरा कोणी मिसरला गेलेला नव्हता.

सन सत्तावन्नच्या उन्हाळ्यात नंदा सुटीवर आली आणि तिला मागणी आली. (आदल्याच वर्षी आम्ही हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेलो होतो. गाव जागचं हललं नव्हतं, पण प्रवासाचा शीण जाणवत होता.) मागणी पिंपळगाव रेणुकाईच्या बद्रीनाथ पाटलांच्या मुलाची. जमीन काळी, विहिरीला पाणी, मुलगा निर्व्यसनी. मॅट्रिकची परीक्षा हेच त्याचं एक व्यसन, ते त्याला सुटत नव्हतं.

अडचण एवढीच होती, की नंदाचं पदवीचं शेवटचं वर्ष राहिलं होतं आणि बद्रीनाथ पाटलांना लग्न त्याच ज्येष्ठात उरकायचं होतं. लग्न झालं की कॉलेज सुटणार हे उघड होतं. शिक्षणाला त्यांचा विरोध होता असं मात्र कोणी म्हणू नये. त्यांना शिकलेली सून पाहिजे होती, शिकणारी नको होती. या दोहोंत फरक आहे. शिकलेली सून घराची शोभा असते. शिकणारी सून चूल पेटवून पुस्तक उघडते आणि भाकरी करपते.

नंदाने बापाला सांगून पाहिलं. भुजंग पाटील मनाने मऊ माणूस. मुलीसमोर तो तिच्या बाजूचा असे आणि व्याह्यासमोर व्याह्याच्या. तो म्हणाला, "बैठकीत काय ते ठरंल, बाई."  मामाकडे परत जायची पेटी नंदाने भरून ठेवली होती, ती उघडलीही नाही. द्वारकाबाई येता-जाता त्या पेटीकडे बघे आणि पदराने डोळे पुसे.

आता आमच्या बैठकीची रीत सांगायला हवी. सोयरिकीच्या बैठकीत आम्ही करार लिहीत नाही. बोलणारा एक बाब बोलतो आणि थांबतो. समोरचा वडीलधारा "बराबर" म्हणाला, की ती बाब पक्की. मग पुढची. बोलणारा थांबला आणि समोरचा गप्प राहिला, तर त्याला बाब मान्य नाही किंवा समजली नाही असा अर्थ होतो. दोन्हींत सारखीच नाचक्की. दिलेला "बराबर" परत घेतल्याचं उदाहरण आमच्या भागात एकच आहे. त्या घराशी अजून कोणी सोयरीक करत नाही. (नाव देत नाही, त्यांची एक मुलगी लग्नाची आहे.)

बैठकीच्या दिवशी बद्रीनाथ पाटील चार माणसं आणि बायको गोजरबाई यांना घेऊन बैलगाडीतून आले. मुलगाही होता. भुजंग पाटलाच्या ओसरीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. उंबऱ्याच्या आत बाया बसल्या. चहा झाला. मुलीने सुई ओवून दाखवली, नाव लिहून दाखवलं, चालून दाखवलं. एवढ्यावर दुसऱ्या कोणाचं समाधान झालं असतं. पण बद्रीनाथ पाटलांच्या भावकीत पूर्वी फसवणूक झाली होती. सून सातवी शिकलेली म्हणून आणली, ती निघाली बापाची सातवी मुलगी. तेव्हापासून ते शिक्षणाची खात्री करून घेत.

"पोरगी जर्मन शिकली म्हंत्यात," ते म्हणाले. "मंग परीक्षा व्हायला पाह्यजे. बिलकुल रीतसर."

भुजंग पाटलाने माझ्याकडे पाहिलं. मी कडूबाकडे पाहिलं. कडूबाने मिशीवरून हात फिरवला. अशा रीतीने जागच्या जागी समिती स्थापन झाली. मुलीकडून मी (साक्षरतेच्या अंगाने) आणि कडूबा (युद्धाच्या अंगाने), वरपक्षाकडून स्वतः बद्रीनाथ पाटील (तक्रारदाराच्या अंगाने). देशात पुढे मी पुष्कळ समित्या पाहिल्या. विषयाची जाण इतकी सारखी वाटली गेलेली समिती दुसरी पाहिली नाही.

नंदाने विचारलं, कशावर बोलू. बद्रीनाथ पाटील म्हणाले, "संसारावर बोल."

 ती बोलायला लागली. भाषा खणखणीत होती. मधेच गाडीच्या चाकाची लोखंडी धाव दगडावरून जावी तशी खरखर येई. ती बरंच बोलली, मग थांबली, आणि सरळ बद्रीनाथ पाटलांकडे बघत राहिली.

 माश्यांचा आवाज येऊ लागला. बद्रीनाथ पाटलांनी घसा खाकरला. ज्यांच्या शब्दावर पंचक्रोशीतली भांडणं मिटतात, त्यांना एका पोरीचं बोलणं समजलं नाही असं दिसून चालणार नव्हतं.

"बराबर," ते म्हणाले.

"बराबर," कडूबा जरा मोठ्याने म्हणाला.

"बिलकुल बराबर," मी म्हणालो. साक्षर माणसाने एक शब्द जास्त बोलावा, असं मला वाटलं.

अशी ती चारदा बोलली आणि चारदा थांबली. शेवटी शेवटी बद्रीनाथ पाटलांना गोडी लागली; ती थांबायच्या आधीच ते मान हलवू लागले. एका ठिकाणी कडूबा हसलासुद्धा. विनोद होता की नाही ते सांगता येत नाही, पण हसल्यामुळे समितीचं वजन वाढलं.

"पास हाय," बद्रीनाथ पाटलांनी निकाल दिला. "पोरगी पसंत."

तेवढ्यात उंबऱ्याआडून गोजरबाई म्हणाली, "अवं, ती काय बोलली ते आमाला बी कळू द्या की. तुमी समदे नुस्ते बराबर बराबर करून राह्यले."

पाटलांनी मोठ्या मनाने हात वर केला. "सांग पोरी, बायांसाठी मराठीत सांग. आमाला तर समजलंच हाय."

नंदाने पदर सारखा केला. सांगताना तिचा आवाज जर्मनपेक्षा पुष्कळ खाली आला होता.

"पहिलं म्या म्हन्ले, माझं शेवटचं वर्ष राह्यलंय, ते पुरं करीन. मामा बराबर म्हन्ले." मामा म्हणजे होणारे सासरे. "दुसरं, परीक्षेचा निकाल लागल्याबिगर तिथी काढायची न्हाई. बराबर म्हन्ले. तिसरं, लग्नानंतर भोकरदनला शाळेत शिकवायला जाईन. बराबर म्हन्ले. आन् चवथं, तवर यांनी मॅट्रिक पास व्हावं. न्हाई झाले तर मंग बोलणी मोडली."

इथे वाचकाने बद्रीनाथ पाटलांची परिस्थिती शांतपणे समजून घ्यावी. हे आपल्याला कळलं नव्हतं असं म्हणावं, तर न कळता पास कसं केलं. कळलं होतं पण मान्य नाही असं म्हणावं, तर दिलेला शब्द फिरतो. तिसरा मार्ग जर्मन शिकून पोरीची चूक काढण्याचा होता. पण उन्हं उतरायला लागली होती आणि बैलांना पाणी पाजायचं होतं.

त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय वो आबा, हेच बोल्ली का ती?"

सगळी ओसरी माझ्याकडे बघू लागली. द्वारकाबाई उंबऱ्यात उभी राहिली होती. मी शिक्षणाला स्मरून सांगितलं, "शब्दाला शब्द."

कडूबाला मात्र स्वस्थ बसवेना. माझ्यापेक्षा त्याला जास्त कळलं आहे, हे दाखवणं त्याला भाग होतं. "पण पोरी," तो म्हणाला, "जर्मनमधी तू हे जरा नरमाईनं बोलल्ती."

"हाव काका," नंदा म्हणाली. "तिकडं अदबीचे शब्द लय असतात."

"तेच म्हन्लं मी," कडूबा म्हणाला, आणि बद्रीनाथ पाटलांची शेवटची वाट बंद झाली.

त्यांनी सतरंजीची एक दशी ओढून काढली. मग म्हणाले, "ठरलं तेच ठरलं. ऐकताना एवढं कडक वाटलं न्हाई, इतकंच."

आतून गोजरबाई मुलाला सांगत होती, "बघत काय बसला? घरी चाल, गणिताचं पुस्तक काढ." घरात कोणीतरी काही ठरवलं याचा तिला आनंद झालेला दिसला.

सुटी संपल्यावर नंदाला गाडीने जालन्याच्या स्टेशनावर पोचवायला मी गेलो. पेटी फलाटावर ठेवली. मला एक शंका होती, निव्वळ अभ्यासकाची. तिसरी बाब जर्मनमध्ये इतकी लांब आणि मराठीत इतकी आखूड कशी?

नंदाने इकडेतिकडे पाहिलं. "आबा, तुमाला म्हणून सांगते. ते संसाराचं नव्हतंच. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात पावाच्या दुकानाचा धडा हाय. बाई दुकानात जाते, पाव घेते, शिळा निघतो म्हणून वापस करते. तेवढाच मला तोंडपाठ हाय."

"मंग अटी?"

"त्या मराठीत बोलताना घातल्या. जर्मनमधी मनचं वाक्य करायला मला अजून कुठं येतंय? दुय्यम विषय हाय आबा, पाठ करून पास होते." गाडीचा धूर दिसू लागला, तशी तिने पेटी उचलली. "म्हणून तर पुरं करायचंय."

पुढचं थोडक्यात. नंदा पदवीधर झाली आणि भोकरदनला शिकवते. बद्रीनाथ पाटलांचा मुलगा अजून मॅट्रिकला बसतो आहे. वास्तविक तो पहिल्यांदा नापास झाला तेव्हाच बोलणी मोडायची. पण निकाल लागला की पाटील म्हणतात, साल कोणतं ते जर्मनमध्ये स्पष्ट नव्हतं, आणि समितीला ते खोडून काढता येत नाही. मुलाला गणित आवडू लागलं आहे, असं गोजरबाई सांगते. कडूबा लेकाकडे जुन्या जालन्यात राहायला गेला, म्हणून समितीत एक जागा रिकामी झाली. ती भरण्यासाठी योग्य माणसाच्या शोधात आम्ही होतो.

तो आता सापडला आहे. वाचकहो, नंदाने चार अटी घातल्या असं मी लिहिलं तेव्हा जर्मनचं एक अक्षरही न ऐकता तुम्ही मान हलवलीत. मग अटी नव्हत्या, पावाचं दुकान होतं, असं लिहिलं, तेव्हा मान पुन्हा हलवलीत, आणि या वेळी जरा हसून. तो धडा पुस्तकात खरोखर आहे की नाही हे मला स्वतःला माहीत नाही. फलाटावर गडबड होती. तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत. एवढी पात्रता पुरे आहे. सतरंजी घातलेली आहे, येऊन बसा.