घाटकोपरमध्ये थंडीने मेलेली बाई

कस्टम्समधल्या अनिरुद्धने बायकोला मारलं ते निव्वळ आळसापोटी. खात्याने त्याला वर्षभर टेबलावरून मोकळं करून पूर्णवेळ रशियन शिकायला बसवलं होतं. पास झाला तर मॉस्कोच्या वकिलातीत बदली, नापास झाला तर पुन्हा तेच टेबल. त्याच्या बायकोने, जानकीने, घाटकोपरच्या सोसायटीत मॉस्कोचं केव्हाच जाहीर करून टाकलं होतं, स्वेटरही घेऊन ठेवले होते. रोज संध्याकाळी भाजी निवडता निवडता पुस्तक धरून तीच त्याचा पाठ ऐकायची.

रशियन शिकवणाऱ्या शर्मिष्ठा मॅडमचा नियम एकच. विद्यार्थी कुठेही भेटो, त्याने त्यांच्याशी रशियनच बोलायचं. एकदा त्यांनी वर्गात विचारलं, बायको काय करते? जानकी बँकेत थकीत कर्जांची वसुली करते. हे रशियनमध्ये सांगायचं म्हणजे कपाळमोक्षच. म्हणून त्याने सांगितलं, बायको नाही. का नाही? घटस्फोटाचा शब्द त्याला येत नव्हता. चौथ्या पाठात राजा मेला होता, तेवढं येत होतं. मेली, म्हणाला. कशाने? पुस्तकात झाडून सगळे थंडीनेच मरत होते.

घाटकोपरमध्ये थंडीने मेलेली ही पहिलीच बाई असावी, पण मॅडमचे डोळे भरून आले. शेजारच्या बाकावरचे सुभेदार धोंडिराम सियाचीनला राहून आलेले, त्यांना तर हे मरण लगेच पटलं. त्या दिवसापासून अनिरुद्धला कोणी अवघड काही विचारेना. गडी खूश.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, रविवारी, बेल वाजली. दारात मॅडम आणि सुभेदार, हातात पांढरी फुलं, चेहरे सुतकी. दार उघडलं जानकीने. मागे उभ्या अनिरुद्धची पाचावर धारण बसली. ही कोण, मॅडमनी नियमाप्रमाणे रशियनमध्ये विचारलं. त्याला नात्याचे दोनच शब्द आठवले. आई म्हणणं जिवावर बेतलं असतं, म्हणून तो बहीण म्हणाला.

जानकीला ते कळलं. पण वसुलीवाली बाई समोरच्याचं पुरतं ऐकल्याशिवाय तोंड उघडत नाही. तिने चहा टाकला.

"वहिनी फार लवकर गेल्या हो," मॅडम तिला मराठीत म्हणाल्या.

"सुटली बिचारी."

"अनिरुद्ध पास होतील, पण मॉस्कोला एकटेच जातील. सरकार बायकोचं तिकीट देतं, बहिणीचं नाही."

जानकीने ट्रे खाली ठेवला आणि ठणठणीत रशियनमध्ये ती म्हणाली, "मी याची बायको आहे. मी जिवंत आहे. मी बँकेत थकीत कर्जांची वसुली करते."

मॉस्कोतल्या शेजारणींना सांगायला म्हणून तिने हे मोबाईलवर शोधून कधीच पाठ केलं होतं. सुभेदारांचं बिस्किट चहात बुडालं ते बुडालंच. मॅडम उठल्या. उद्याच्या तोंडी परीक्षेला अनिरुद्धला एकच विषय मिळेल, 'माझी बायको', असं बजावून त्या फुलं उचलायला लागल्या.

"राहू द्या ती," जानकी म्हणाली. "लग्न झाल्यापासून या घरात फुलं पहिल्यांदाच आलीत."

ते अनिरुद्धला लागलं. संध्याकाळभर जानकीने त्याची वसुली केली आणि दुसऱ्या दिवशी तो बायकोवर न थांबता बोलला, पास झाला. येताना त्याने स्टेशनबाहेरून चांगली मोठी फुलं घेतली. जानकीने दार उघडलं, आधी फुलं बघितली, मग त्याचं तोंड.

"आता कोण गेलं?"