मावशीचे चाळीस हजार संदर्भ

"मावशी, हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ आहे!" असं भाच्याने जाहीर केलं, तेव्हा उजव्या हाताने तो मावशीच्याच डब्यातली बिस्किटं संपवत होता.

मावशी जन्मभर वनस्पतींवर संशोधन करत आलेली. संस्थेतलं तिचं काचघर पाडून तिथे पार्किंग करायचं संचालकांच्या डोक्यात भरलं होतं. काचघर वाचवायचं, तर मावशीच्या संशोधनाचं वजन दाखवायला हवं. म्हणजे तिचे शोधनिबंध किती, आणि जगात किती जणांनी आपल्या लेखनात त्यांचा संदर्भ दिला, त्याचा आकडा. मावशी पानावरची लव मोजायची, पण असले हिशेब म्हटले की तिला कापरं भरायचं.

भाच्याने कॉम्प्युटरला हुकूम सोडला: जगभरच्या निबंधांत मावशीचं आडनाव कुठे कुठे येतं ते काढ. आडनाव इतकं विचित्र, की दुसऱ्या कुणी ते लावून घेण्याची शक्यताच नव्हती.

आकडा आला. चाळीस हजार!

भाच्याच्या हातातलं बिस्किट चहात बुडालं. त्याने ते बुडू दिलं.

त्या क्षणापासून तो बदललाच. मावशी खोलीत आली की हा ताडकन उभा! कुंडी उचलायला सांगितली, तर तान्हं बाळ उचलावं तशी दोन्ही हातांनी!

"काय रे, ताप आलाय का?"

"नाही. मावशी, तुम्ही..."

"तुम्ही? अरे, तुझी दुपटी धुतलीत मी!"

भाच्याचे डोळेच भरून आले. चाळीस हजार संदर्भांची धनीण, आणि आपली दुपटी!

बैठकीत संचालकांनी आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि चक्क स्वतःची खुर्ची मावशीला दिली.

"बाई, आमच्या अख्ख्या संस्थेचे मिळून चारशे भरत नाहीत हो!"

"अहो, काहीतरी घोळ आहे," मावशी खुर्चीच्या काठावर टेकत म्हणाली.

"काय हा विनय!" संचालक गहिवरले. पार्किंगचा नकाशा घडी होऊन ड्रॉवरमध्ये गेला.

कोपऱ्यात गवतवाले सर होते. जन्मभर गवताचा अभ्यास केल्याने हसणं विसरलेले. त्यांनी आकड्यासोबत जोडलेली निबंधांची यादी नाकाशी धरली.

"हे निबंध कशावर आहेत, ते कुणी वाचलं का?"

कुणीच वाचलं नव्हतं. सरांनी वाचून दाखवलं. एका तणाला उपटावं कसं. जाळावं कसं. जाळूनही उगवलं तर पुढे काय करावं.

"नव्या झाडाला जो शास्त्रीय नाव देतो, त्याचं आडनाव त्या नावाच्या शेपटीला कायमचं चिकटतं," सर म्हणाले. "बाईंनी तरुणपणी एका रोपट्याला नाव दिलं. पुढे ते देशोदेशी माजलं. आता त्याला शिव्या घालायच्या तरी शास्त्रज्ञ पूर्ण नावानेच घालतात!"

"म्हणजे चाळीस हजार लोक बाईंच्या नावाने बोटं मोडतायत?" संचालकांनी विचारलं.

"झाडाच्या. पण नावात बाई आहेत."

भाचा बर्फासारखा खुर्चीत वितळू लागला. संचालकांचा हात सावकाश ड्रॉवरकडे निघाला.

"फार गुणी आहे हो ते," मावशी हळूच म्हणाली. "पहिलं रोप मी अजून जपलंय. काचघरात."

हात थांबला. "जिवंत?"

"छताला टेकलंय! बियांनी नुसतं लगडलंय."

"मग आपल्या भागात कसं पसरलं नाही?"

"दार लावते ना मी."

संचालकांनी हात मागे घेतला. "आणि समजा, काच फोडली तर?"

"तर पार्किंग होईल," गवतवाले सर म्हणाले. "गाड्या तेवढ्या शोधाव्या लागतील."

संचालक पुन्हा उभे राहिले. मघाशी आदराने उभे राहिले होते, आता भीतीने. "त्या काचघराला कुणी बोट लावायचं नाही! आणि बाई, तुम्हीही रजा घेऊ नका!"

काचघरात परतल्यावर मावशीने विचारलं, "पण माझा खरा आकडा किती रे?"

भाच्याने या वेळी मुकाट्याने, एकेक निबंध उघडून मोजलं. "सव्वीस," तो पुटपुटला.

मावशीने झारी खाली ठेवली. "सव्वीस? मला वाटलं, दोघं-तिघं असतील. सव्वीस वेळा कुणीतरी माझं वाचलं?" आणि ती स्टुलावर बसली, पानांकडे बघत, अगदी लहान मुलीसारखी.

भाच्याने मान डोलावली. त्यातले बावीस संदर्भ मावशीनेच मावशीला दिले होते, हे काही तो बोलला नाही.