मन्मथअप्पांची उघडी गाडी

कुठलीही वस्तू दिसली की मन्मथअप्पा ती बोटाच्या पेरानं ठोकून बघत. टरबूज, रांजण, दार, भिंत, काहीही. ठोकायचं, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "जान हाय," नाहीतर "गेलं." सोनपेठला त्यांच्या भुसार दुकानासमोर मी शिलाईचं दुकान टाकलं, तेव्हा ते रस्ता ओलांडून आले. आधी मशीनचा पाट ठोकला, मग दाराची फळी, मग थेट माझी छाती.

"जान हाय. टिकतंय हे पोरगं."

लेकीसाठी मुलगा बघायला गेले, तेव्हा त्याच्या पाठीवरही त्यांनी ठोकलं होतं म्हणतात. पाहुण्यांना वाटलं, आशीर्वाद दिला. पोरगा वाकून पाया पडला.

राणीसावरगाव ही अप्पांची सासरवाडी. एकदा तिथल्या लग्नाला ते नेहमीसारखे एकटेच गेले आणि परत आले ते सरकीच्या ट्रकवर, मागं एक धूड घेऊन. माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकाला वाटलं, गुऱ्हाळाची कढई आली. जवळ जाऊन बघतो तर मोटार! विलायती, बसकी, लांब नाकाची, बिनटपाची, दोनच माणसं बसतील अशी. निजामाच्या वक्ताला कुण्या जहागीरदारानं शर्यतीसाठी आणलेली. पुढं ती कडब्याच्या छपरात पडून राहिली. अप्पांनी मागितली, तर वारसांनी छप्पर मोकळं झालं म्हणून त्यांनाच जेवू घातलं.

गाडी मुळात लाल होती की जंगामुळं लाल दिसत होती, ते सांगता येत नव्हतं. बुडाला पत्राच नव्हता. बॉनेट उघडलं तर आत कोंबडीच्या अंड्यांची टरफलं. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले अप्पा "शिव शिव" करत दोन पावलं मागं सरले. मग सावरून त्यांनी दार ठोकलं. बोट आरपार गेलं. ते बाहेर काढायला गोडं तेल लागलं.

"जान हाय!" तेलकट बोट पुसत अप्पा म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा निकाल कुणाला पटला नाही. अप्पांची बायको गिरजाकाकू उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "एवढं लांब धूड, अन् बसायचं दोघांनीच? यापरीस लग्नातला पाट काय वाईट?"

गाव मात्र बघायला लोटलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादानं तोंडं फिरवून बसलेली माणसंही गाडीच्या दोन बाजूंना उभी राहून एकमेकांना "हाय का काही दम?" असं विचारायला लागली.

अप्पांनी मला माप घ्यायला बोलावलं. मी टेप काढून टपाची लांबी धरली, तसे ते ओरडले, "टप नको! गाद्या शिव नुसत्या. गाडी उघडीच पायजे."

"अन् पाऊस आला तर?"

"भिजू."

शेवटी पाथरीहून उस्मानभाई मिस्त्री आले. गाडीखाली आडवे झाले, आतून जंगाचा भुगा खाली पडत राहिला, आणि पांढरी दाढी तांबडी करून बाहेर आले.

"अप्पा, जंग निकाले तो गाडीच नै रहती. जंगनेच पकड के रखा हाय."

"पत्रा बदला."

"पत्रा काय पे बिठाऊं? चेसी सड गयी."

"चेसी बदला. इंजिन बदला."

"फिर जुनं क्या रहेगा?"

अप्पांनी विचार केला. "हॉर्न," म्हणाले, आणि दाबून बघितला. हॉर्न वाजला नाही, निखळून हातात आला.

उस्मानभाईंनी चहाही घेतला नाही. जाताना अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून, मयतीला भेटून निघावं तसे निघून गेले.

संध्याकाळी अप्पा त्या गाडीला टेकून बसले होते. मी शेजारी बसलो. म्हटलं, "अप्पा, तुमाला सायकलवरबी कधी बघितलं न्हाई. मग ह्या गाडीचं खूळ कशाला?"

"तुझ्या काकूला मोटार लागती रे," अप्पा हळू म्हणाले. "एसटीत बसली की ओकाऱ्या. जीप तसलीच. बंद गाडीत जीव घाबरतो तिचा. तिची माय गेली तवा एसटीनं निघालो होतो. गंगाखेडातच शुद्ध हरपली तिची. तिथनंच माघारी आणली. मायचं तोंड दिसलं न्हाई. तवापासनं माहेराचं नाव काढत न्हाई. आता तिचा भाऊ अंथरुणाला खिळलाय. लग्नघरात खाटेवरनंच सगळ्यांदेखत मला म्हणला, गिरजाला एकदा दाखवा. बाहेर आलो तर छपरात ही दिसली. उघडी. म्हणलं, ह्यात वारा लागंल तिला."

"बैलगाडी?"

"तिची कंबर कुठं टिकतीया दोन दिस?"

मी म्हटलं, "अप्पा, उघडंच पाहिजे तर माणिकरावांच्या ट्रॅक्टरची ट्रॉली काय वाईट हाय?"

अप्पा ताडकन उठले. धोतर झटकलं आणि तडक माणिकरावांच्या घराकडं निघाले. चप्पल गाडीपाशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ट्रॉलीत कडबा, त्यावर मी शिवलेल्या गाद्या, गाद्यांवर काकू. सोबत म्हणून मलाही घेतलं. चारचौघांत बायकोशेजारी कधी न बसलेले अप्पा मुठीत लिंबू धरून त्यांना खेटून बसले. "कसं वाटायलंय?" दर नाल्याला विचारत होते. काकू पदर सावरत वाऱ्याकडं तोंड करून म्हणायच्या, "लय बेस."

गंगाखेड मागं पडलं आणि ओकारी आली ती अप्पांना. खच्चून आली. माणिकरावांनी ट्रॅक्टर थांबवला. काकूंनी त्यांच्या मुठीतलं लिंबू काढून घेतलं आणि त्यांच्याच नाकाशी धरलं. "डोळे मिटू नका. लांब बघा," काकू म्हणाल्या.

दुपारी राणीसावरगावला पोचलो. काकू कंबर धरून आत गेल्या. भावानं मान वळवली आणि म्हणाला, "गिरजे, उन्हाची का आलीस गं?" मग आतून दोघांच्या रडण्याचाच आवाज.

अप्पा आत आले नाहीत. अंगणातल्या रांजणापाशी उभं राहून ते तोंड धूत होते. तांब्यामागून तांब्या. तोंड केव्हाच स्वच्छ झालं होतं.