पांढरं बदक, चार मिलिमीटर

मंडळी, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: डेकल लावण्यात माझ्या तोडीचा माणूस आमच्या शहरात नाही! डेकल म्हणजे कागदावर छापलेलं पातळ चित्र. कागद पाण्यात टाकायचा, अर्ध्या मिनिटात चित्र सुटतं, मग ते बोटाने हलकेच हव्या त्या वस्तूवर सरकवायचं. कपबशांवरची फुलं अशीच लागतात. मी मात्र फुलं लावत नाही. मी मेलेली माणसं लावतो.

म्हणजे आमचं दुकान स्मृतिफलकांचं आहे. गेलेल्या माणसाचा फोटो भट्टीच्या शाईत छापायचा, चिनी मातीच्या लंबगोल तबकडीवर सरकवायचा आणि आठशे अंशांवर भाजायचा. मग तो उन्हापावसात जन्मभर हलत नाही. अकरा वर्षांत माझ्या हातून कोणाचा भांग वाकडा झाला नाही की कोणाच्या नाकाखाली बुडबुडा राहिला नाही. "आपल्याकडची माणसं जिवंतपणी इतकी नीटनेटकी नव्हती," असं आमचे मालक दुःखी आवाजात म्हणतात. मालक सगळंच दुःखी आवाजात म्हणतात. धंद्याची सवय! चहात साखर कमी पडली हेसुद्धा असं सांगतात की ऐकणाऱ्याचा हात रुमालाकडे जातो.

घरी मला एकच नाद. लष्करी गाड्यांची मॉडेलं! खऱ्या गाडीच्या बहात्तराव्या हिश्शाएवढी, काडेपेटीहून जरा मोठी गाडी. चिमट्याने चाकं बसवायची, श्वास रोखून रंगवायची. बायको म्हणते, "एवढा जीव लावून एकदा स्वयंपाकघराचा नळ बसवा." कपाटात बावीस गाड्या आहेत. तेविसावी सात वर्षं अर्धवट पडून होती.

ती दादाची गाडी. माझा मोठा भाऊ चिलखती रुग्णवाहिका चालवायचा. लढाईत एका सकाळी तो जखमींना आणायला तीनदा पुढे गेला आणि तीनदा परत आला. चौथ्यांदा गेला तो गेलाच. याला एकोणीस वर्षं झाली. गाडी मिळाली नाही, दादाही मिळाला नाही. राहिली ती त्याची पत्रं. त्यातल्या एकात त्याने लिहिलं होतं, "आमची गाडी डुलत चालते म्हणून मी दारावर पांढरं बदक काढलंय. साहेब चिडले, पण पुसा म्हणाले नाहीत." आणि शेजारी समासात पेनाने ते बदक काढून दाखवलं होतं. आईने मला सांगितलं होतं, "तू इतक्या गाड्या करतोस, त्याची कर ना." आता तिचे डोळे अधू झाले आहेत, ती वस्तू हाताने चाचपून बघते. म्हणजे वेळ फार नव्हता.

पण बदक आणायचं कुठून? बाजारातल्या डेकलांच्या पाकिटांत वाघ होते, विंचू होते, गरुड तर पैशाला पासरी! बदक नाही. तीन विक्रेत्यांना पत्रं लिहिली. एकाने उलट विचारलं, "खरंच बदक?" घरी छापावं तर घरचा प्रिंटर पांढरा रंग छापतच नाही. पांढरं म्हणजे कोरं, अशी त्याची समजूत. ब्रशने काढून पाहिलं. चार मिलिमीटरचं बदक पाच वेळा काढलं आणि पाचही वेळा कणकेची गोळी दिसली.

आणि मग एके दिवशी दुकानात माझ्या डोक्यात प्रकाश पडला! आमच्या भट्टीच्या शाईत पांढरा असतो! शर्टांच्या कॉलरी, म्हाताऱ्यांच्या मिशा, सगळं त्यातच होतं. मी पत्रातलं बदक स्कॅन केलं आणि त्या दिवशीच्या कागदाच्या कोपऱ्यात हळूच आठ बदकं छापून घेतली. कागदाच्या मधोमध एक निवृत्त हेडमास्तर होते. काळा कोट, आवळलेले ओठ, 'पाढे म्हण' असं सांगणारे डोळे.

दुपारी कागद कापले, पाण्याच्या परातीत टाकले. बदकंही त्याच पाण्यात. म्हटलं, बदकंच ती! (हा विनोद मी मनातल्या मनात केला आणि एकटाच हसलो. त्याची फळं पुढे भोगली.) हेडमास्तर तबकडीवर सरकवले, रबराने पाणी निपटलं, तबकडी भट्टीत ठेवली. नंतर बदकं कागदासकट उचलून वाळत ठेवली, मोजली तर सात. एक गेलं असेल पाण्याबरोबर मोरीत, असं म्हणून मी घरी गेलो.

सकाळी भट्टी उघडली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. हेडमास्तरांच्या कोटावर, डाव्या छातीवर, बरोब्बर मधोमध बदक! शुभ्र, ठसठशीत, चोच वर केलेलं! नखाने खरवडलं. ब्लेडने खरवडलं. आठशे अंशांवर भाजलेलं ते, जन्मभराची हमी आम्हीच देतो!

"मालक," मी म्हणालो, "आजचा दिवस द्या. दुसरी करतो."

"कुटुंब दारात उभं आहे," मालक दुःखी आवाजात म्हणाले. या वेळी तो आवाज खरा होता.

हेडमास्तरांची पत्नी आली, सत्तरीची, काठी टेकत. बरोबर दोन मुलगे. मोठा जाडजूड, धाकटा चष्मेवाला. मालकांनी मखमलीवर तबकडी ठेवली. मोठ्या मुलाने वाकून पाहिलं.

"हे काय आहे?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. माझ्या डोक्यात तर गेले सहा महिने फक्त लष्करी गाड्या!

"सन्मानचिन्ह," माझ्या तोंडून गेलं. "सैन्यातलं."

"बाबा सैन्यात?" धाकटा ओरडला.

"फोटोत होतं," मी म्हणालो. आता माघार नव्हती. "छोट्या फोटोत दिसत नाही. मोठा केला, साफ केला, की वर येतं."

मोठ्याने खिशातून मूळ फोटो काढला. दोघे भाऊ भिंगातून बघू लागले. त्या कोटावर चहाचा की कसला एक ठिपका होता. "आहे! इथे आहे!" धाकट्याचा आवाज चिरकला. "दादा, लग्नाआधीची ती दोन वर्षं! बाबा कधी बोललेच नाहीत त्यांबद्दल!"

"विचारलं की उठून जायचे," मोठा म्हणाला आणि हा एवढा धिप्पाड माणूस मखमलीवर डोकं टेकून रडायला लागला.

आजी तबकडीकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी पाचावर धारण बसली.

इथे हे थांबलं असतं तर किती बरं झालं असतं! पण रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात शोकसभा होती. तबकडी तिथल्या भिंतीवर बसवायची ठरली आणि 'चिन्हाचा शोध लावणारे तज्ज्ञ' म्हणून मला बोलावणं आलं. मी नाही म्हटलं. मालकांनी मला बाजूला घेतलं.

"जाऊन दोन शब्द बोल," ते म्हणाले. "नाहीतर तबकडी परत येईल. आणि मग तू परत येऊ नकोस."

सभागृहात चारशे माणसं! हेडमास्तरांनी ज्यांच्या पाठी सोलल्या ते सगळे माजी विद्यार्थी पहिल्या रांगांत ताठ बसले होते. मोठा मुलगा बोलला. तीन दिवसांत त्याच्या भाषणात बापाने दोन पूल ताब्यात घेतले होते. मग माझं नाव पुकारलं.

दोनच शब्द बोलणार होतो, शपथ! पण त्या बदकाबद्दल मला एकच गोष्ट ठाऊक होती. मी ती सांगायला लागलो. हे चिन्ह एका चिलखती रुग्णवाहिकेचं. ती डुलत चालायची म्हणून चालवणाऱ्याने दारावर बदक काढलं. साहेब चिडले, पण पुसा म्हणाले नाहीत. सभागृहात लोक हसले, अगदी हळू. मग मी ती सकाळ सांगितली. तो पहिल्यांदा गेला, चार जखमी घेऊन आला. दुसऱ्यांदा गेला, तीन घेऊन आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा पुढची काच राहिली नव्हती.

"आणि चौथ्यांदा..." मी म्हणालो आणि अडलो.

चारशे माणसं वाट बघत होती. हेडमास्तर तर म्हातारे होऊन आपल्या अंथरुणात गेले होते. त्यांना तिथे मारणं शक्यच नव्हतं.

"चौथ्यांदाही तो परत आला," मी म्हणालो.

एकोणीस वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. निघालं आणि मला हुंदका आला. मी माइकसमोर लहान पोरासारखा रडलो. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतल्या एकाने तर कडक सलाम ठोकला! बदकाला!

दुसऱ्या दिवशी दुकान उघडत होतो तोच आजी आल्या. एकट्या.

"ते नुसतं बदकच आहे ना, चिन्ह नाही?" त्यांनी बसायच्या आधीच विचारलं.

"हो."

"बरं झालं. मला वाटलं माझंच डोकं फिरलं." त्या स्टुलावर बसल्या. "हे कधी सैन्यात नव्हते. सक्तीच्या भरतीचा कागद आला त्या दिवशी पळाले. दोन वर्षं माझ्या मावशीच्या माळ्यावर लपून होते. मीच शिडीवरून ताट वर द्यायचे. आमचं लग्न जुळलं ते असं."

"मग शाळेत..."

"शाळेत जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना भेकड म्हणून छड्या मारत राहिले. रात्री उठून बसायचे. ते मलाच माहीत." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "तू काल जे सांगितलंस, ते कोणाचं होतं?"

"माझ्या भावाचं."

"तो परत आला नाही."

"नाही."

मालक आतून बाहेर आले, आमची तोंडं पाहिली आणि आल्या पावली परत गेले.

"आजी, मी मुलांना जाऊन खरं सांगतो," मी म्हणालो. "तबकडी उतरवतो. नोकरी गेली तर गेली."

"उतरवू नकोस. पोरं पहिल्यांदाच बापाबद्दल बरं बोलताहेत. मोठ्याने वीस वर्षं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं." त्या उठल्या. "पण मला घरासाठी दुसरी करून दे. साध्या कोटाची. मला माझ्या नवऱ्याबरोबर राहायचंय, तुझ्या भावाबरोबर नाही."

मी त्यांना दुसरी करून दिली. त्या दिवशी परातीतलं पाणी तीनदा बदललं. शाळेतली तबकडी तिथेच आहे. हेडमास्तर भिंतीवरून ओठ आवळून बघतात आणि जाता येता मुलं त्यांना सलाम करतात. म्हणजे सलाम दादाला होतो. पण नाव खाली दुसऱ्याचं. यावर हसावं की डोकं आपटावं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

आता घरी. सात बदकं उरली होती. शोकसभेच्याच रविवारी दुपारी मी गाडी टेबलावर घेतली, एक बदक भिजवलं आणि दारावर सरकवलं. कसं बसलं म्हणता! जणू गाडी कारखान्यातून तशीच निघाली! मी आनंदाने ओरडलो, "आई! झाली दादाची गाडी!"

चूक तिथेच झाली. भिंतीला हात लावत आई आली, खुर्चीवर बसली आणि मी काही म्हणायच्या आत तिने गाडी ओंजळीत घेतली. चाकं चाचपली. टप चाचपलं. "दार कुठल्या बाजूला?" असं म्हणत अंगठा दारावर ठेवला आणि हलकेच फिरवला.

"आई, ओलं आहे गं!"

तिने हात उचलला. दार कोरं. बदक अंगठ्यावर! अगदी सरळ, चोच वर, एक सुरकुती नाही!

"लागलं का नीट?" आईने विचारलं.

"तुझ्या अंगठ्याला लागलं," मी म्हणालो. "थांब, काढतो. दुसरं लावतो, सहा आहेत अजून."

"खबरदार हात लावलास तर!" आई म्हणाली.

त्या दिवसापासून आईने अंगठा पाण्यात घातला नाही. डाव्या हाताने जेवली. आंघोळीला अंगठ्यावर पिशवी बांधली. बायकोने तिची वेणी घातली, बटणं लावली आणि एका शब्दाने मला बोलली नाही, त्यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजा. आई खिडकीशी बसून अंगठा डोळ्यांच्या अगदी जवळ धरायची. काय दिसत होतं कोण जाणे. मध्येच हसायची.

बुधवारी सकाळी तिची हाक आली. मी धावलो. अंगठा कोरा होता. झोपेत कुठेतरी सुटलं असणार. आम्ही चादर झटकली, उशीची खोळ उलटी केली, मी भिंग घेऊन फरशीवर आडवा झालो. चार मिलिमीटर! पलंगाखालून बाहेर आलो तेव्हा आई रिकामा अंगठा मुठीत धरून बसली होती. ती दादाच्या वेळीही रडली नव्हती. आता रडत होती.

"आई," मी म्हणालो, "अजून सहा आहेत."

"मग एक लाव."

"गाडीला?"

"गाडीला कशाला!" ती म्हणाली आणि तिने अंगठा पुढे केला.

मी परात आणली, बदक भिजवलं, तिचा हात माझ्या हातात घेतला. आता खरं सांगायचं तर, मंडळी, ते जरा वाकडंच लागलं.